जॅझ-ब्लूजची छोटी मैफल आणि शाळेतला तास: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, पस्तीस खुर्च्या, एक सॅक्सोफोन, एक गिटार आणि माइकसमोर मी. आमच्या पहिल्या कार्यक्रमात मी चाळीस मिनिटं बोलले. न्यू ऑर्लिन्स, मिसिसिपीतली कापसाची शेतं, शिकागो, काही म्हणून सोडलं नाही. सॅक्सोफोन ओठांना लागेपर्यंत अकरा जण चपला घालून जिना उतरले होते. शेवटपर्यंत थांबलेल्या एका काकांनी निघताना विचारलं, "छान झालं हो, पण टाळी नेमकी कधी वाजवायची?"

काकांचं बरोबर होतं. शास्त्रीय मैफलीत हाच माणूस समेवर मान हलवतो, कारण सम कुठे येणार हे त्याला आतून कळत असतं. जॅझ सुरू झालं की त्याच्या पायाखालची जमीन जाते. वादक कुठून निघाला, कुठे चालला, परत येणार की नाही, काही पत्ता लागत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे माझा एकच हट्ट आहे: इतिहास मागाहून सांगा, आधी श्रोत्याला सम सापडू द्या.

पायरी पहिली: आधी स्वतः मोजा

ब्लूजपासून, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेल्या, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यापासून सुरुवात करा. त्याचा नेहमीचा साचा बारा बारचा. बार म्हणजे मात्रांचा एक गट. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे पूर्ण फेरी 48 मात्रांची. मोजण्याची वादकांची रीत सोपी आहे. प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला त्या बारचा क्रमांक म्हणायचा: "एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार", असं बारापर्यंत, आणि मग पुन्हा एक. रोज दहा मिनिटं एखादं संथ ब्लूज लावून असं मोजा. आठवडाभरात फेरी कुठे संपते ते न मोजता कळायला लागेल. ते कळल्याशिवाय मैफल ठरवू नका.

आता पेटी काढा. पांढरी एकला षड्ज धरला तर तीन स्वरसमूह पुरतात. पहिला सा, ग, प आणि कोमल नि. दुसरा म, ध, सा आणि कोमल ग. तिसरा प, नि, रे आणि म. पहिले चार बार पहिला समूह, पाच-सहाला दुसरा, सात-आठला परत पहिला, नवव्याला तिसरा, दहाव्याला दुसरा, अकरा-बाराला पहिला. झालं. आपला तानपुरा रात्रभर एकाच षड्जावर उभा असतो. इथे खालची बैठकच सरकते आणि बारा बारांनी मूळ घरी येते. तोच हिचा समेवर येण्याचा आनंद.

वरून काय वाजवायचं? धानी रागाचे पाच स्वर: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. तिन्ही समूहांवर हे स्वर चालतात, म्हणून जगभर नवशिक्यांच्या हाती आधी हेच देतात. मध्यमाशेजारी तीव्र मध्यमाचा ओझरता स्पर्श दिलात की ब्लूजचा वास येतो. गांधार मात्र पेटीवर पुरता सापडणार नाही. ब्लूज गाणारा कोमल आणि शुद्ध गांधारांच्या मधे कुठेतरी रेंगाळतो, गिटारवाला तार ओढून तिथे पोचतो. मींड गळ्यात असलेल्या आपल्या गायकांना ती जागा फार लवकर मिळते, हा माझा अनुभव.

एक लय राहिली, स्विंगची. तोंडाने "तकिट तकिट तकिट" म्हणा, एका मात्रेत तीन अक्षरं. मग मधलं "कि" मनात म्हणा: "त-ट, त-ट, त-ट". पहिलं अक्षर लांबतं, तिसरं झटकन येतं. पाय एक आणि तीनवर, टाळी दोन आणि चारवर. भजनात वाढलेला हात हटकून एकवरच पडतो, त्याला वळण लागायला दोन-तीन दिवस जातात.

पायरी दुसरी: माणसं

पहिल्या मैफलीला तिघं पुरेत: सूर धरणारा एक (गिटार किंवा कीबोर्ड), बेस (खर्जातले सूर देणारं वाद्य) एक, आणि पुढे गाणारा किंवा फुंकणारा एक. ड्रमर मिळाला तर उत्तम, पण लहान खोलीत त्याने काठ्यांऐवजी ब्रश आणायला हवेत हे आधीच बोलून घ्या. मोठा उभा बेस आपल्याकडे दुर्मीळ आहे, त्यासाठी अडून बसू नका, इलेक्ट्रिक बेस चालेल.

शोधायचं कुठे? चर्चच्या वाद्यवृंदात, पोलीस आणि लष्करी बँडच्या निवृत्त वादकांत, लग्नाच्या ब्रास बँडमध्ये, कॉलेजच्या रॉक बँडमध्ये, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवलेल्या जुन्या मंडळींत. शेवटच्या जागेवर माझा विशेष जीव आहे. मुंबईत जॅझ काल-परवा आलेलं नाही. 1935 मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला, आणि त्यांचं ऐकून इथले गोवेकर, पारशी, अँग्लो-इंडियन वादक तयार झाले. गोव्यातल्या हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवायचे आणि 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले. रात्री हॉटेल, दिवसा स्टुडिओ. सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर, यांच्यासोबत त्यांनी काम केलं. 1951 च्या 'अलबेला'त भगवानदादांबरोबर चिक चॉकलेटचा बँड चक्क पडद्यावर दिसतो. श्रोत्यांत साठीच्या पुढची मंडळी असतील तर या चित्रपटाचं नाव काढा. "हे तर आमचंच गाणं!" म्हणत खुर्च्या पुढे सरकतात, आणि मग ट्रम्पेट कुठे येतं ते दाखवणं तुमच्या हातात.

हे गोवेकर वादक शिकले कुठे, हेही नवख्या आयोजकाने लक्षात ठेवावं. पोर्तुगीज काळापासून गावोगावच्या चर्चला जोडून संगीतशाळा असत. तिथे मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. ती पोरं तयार झाली होती चर्चमधल्या, म्हणजे इगर्जीतल्या, गाण्यासाठी. पण कागद वाचता येत असल्यामुळे मुंबईचे बॉलरूम आणि स्टुडिओ दोन्ही त्यांनी सांभाळले. त्यांच्यातलेच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे गुरू झाले. मैफल आणि शाळा या दोन गोष्टी मी एका दमात का सांगते, ते यावरून कळेल.

पायरी तिसरी: जागा

आधी नकाशा उघडा. रुग्णालय, शाळा-कॉलेज किंवा न्यायालयाभोवतीचं किमान 100 मीटरचं अंतर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं असू शकतं, आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. मुंबईतल्या धोबी तलावचं रंगभवन आठवा. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1978 मध्ये 'जॅझ यात्रा' सुरू केली, पहिल्याच वर्षी अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स वाजवून गेले, आणि वर्षानुवर्षं हा महोत्सव रंगभवनच्या उघड्या आवारात रंगायचा. शेजारी कॉलेज आणि रुग्णालयं. शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून तिथलं संगीत थांबलं. एवढ्या मोठ्या जागेचं हे झालं, आपली काय कथा!

म्हणून बंद खोली घ्या, संध्याकाळी साडेसहाला सुरू करा, नऊला आवरा. वाचनालयाचा हॉल, सोसायटीचं क्लब हाउस, नृत्यवर्गाची खोली, कुठलीही चालेल. साठ खुर्च्यांच्या खोलीत पन्नास माणसं भरगच्च वाटतात, तीनशेच्या नाट्यगृहात तीच पन्नास सुतकात बसल्यासारखी दिसतात.

पायरी चौथी: शाळेतला तास

लोक आधी मैफल करतात आणि जमलं तर शाळेत जातात. मी उलटं सांगेन. मैफलीच्या दहा-पंधरा दिवस आधी जवळच्या एका शाळेत सातवी-आठवीचा एक तास मागून घ्या. ती मुलं आई-बाबांना, आजीला ओढत मैफलीला आणतात. शिवाय मुलांसमोर जे कळलं नाही ते मोठ्यांनाही कळणार नाही, याची रंगीत तालीम फुकटात होते. मार्च-एप्रिलमध्ये जाऊ नका, परीक्षा असतात. जुलै-ऑगस्ट किंवा जानेवारी बरा.

चाळीस मिनिटं अशी वापरा. आत शिरल्यावर नमस्कारही न करता वादकाने एक पूर्ण फेरी वाजवायची. मुलं गप्प होतात. मग सगळ्यांना उभं करून पाय एक-तीनवर, टाळी दोन-चारवर. पाच मिनिटं गोंधळ होईल, होऊ द्या. मग वर्गाचे तीन गट करा, प्रत्येक गटाकडे चार बार, आणि शाळेच्या संगीत शिक्षकांना पेटीवर बसवून ते तीन स्वरसमूह द्या. शिक्षकांना आदल्या दिवशी भेटून हे दाखवलेलं असावं. वर्गात त्यांचं अवघडलेपण दिसता कामा नये, आणि पुढच्या वर्षी तास मिळणं त्यांच्याच हातात असतं.

मग गाणं रचायचं. ब्लूजच्या कडव्याच्या ओळी बहुधा तीन: पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरीत उत्तर. प्रत्येक ओळीला चार बार, त्यातला शब्दांचा भाग अर्धाच. उरलेल्या जागेत वाद्य उत्तर देतं, आपल्या सवाल-जवाबासारखं. फळ्यावर पहिली ओळ मुलांकडून घ्या. आमच्याकडे एका वर्गात हे निघालं:

सुटली माझी लोकल, डबा राहिला घरी
सुटली माझी लोकल, डबा राहिला घरी
आता वडापाव उधार देईल का कुणी तरी?

वर्ग हसून लोटपोट. पण इथेच थांबलात तर मुलं ब्लूज म्हणजे विनोदी गाणं समजून घरी जातील, आणि ते वाईट. हसू ओसरलं की शांतपणे सांगा: ही ओळ पुन्हा म्हणण्याची रीत ज्यांची, त्यांचे आजी-आजोबा गुलाम होते. गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही मिसिसिपीत दुसऱ्याच्या शेतात, कर्जात बुडून त्यांनी कापूस वेचला. शेतात एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. मग लाखो लोक उत्तरेच्या शहरांत गेले. ब्लूज गायक मडी वॉटर्स 1943 मध्ये मिसिसिपीहून शिकागोला गेला आणि तिथल्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून त्याने विजेची गिटार धरली. जात्यावरच्या ओव्या माहीत असलेल्या, घरात आंबेडकरी जलसे ऐकलेल्या मुलांना यापुढे फारसं समजावून सांगावं लागत नाही. कष्ट आणि अपमान गाण्यात कसे उतरतात हे ती आपणहून बोलतात. हे सगळं सहा मिनिटांत. माझी ती चाळीस मिनिटं आठवून अजून लाज वाटते.

शेवटी वाद्य जवळून दाखवा. सॅक्सोफोन पितळी असूनही तो लाकडी फुंकवाद्यांच्या कुळातला का, हे कोडं घाला. तोंडाशी एक पातळ पट्टी (रीड) असते, तीच थरथरते. मुलांना बटणं दाबू द्या, पण तोंडाचा भाग एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाऊ देऊ नका.

अशा कामाची परंपरा तिकडे जुनी आहे. पुढे जॅझचा जगप्रसिद्ध ट्रम्पेटवादक झालेला लहानगा लुई आर्मस्ट्राँग सुधारगृहाच्या बँडमध्ये कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) शिकला. पियानोवादक बिली टेलर यांनी 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 'जॅझमोबाइल' उभारायला हातभार लावला. फिरतं व्यासपीठ गल्लीत नेऊन फुकट मैफल, आणि सोबत शिकवणी. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचं डेल्टा ब्लूज म्युझियम आजही शाळा सुटल्यावर मुलांना गिटार-ड्रम शिकवतं. आपल्याला फिरत्या व्यासपीठाची गरज नाही, टेम्पोत एक ॲम्प्लिफायर आणि दोन वादक मावले की बस.

पायरी पाचवी: मैफलीचा दिवस

वादकांना दोन तास आधी बोलवा, त्यातला एक तास आवाज जुळवायला. पंखे चालू ठेवूनच तपासा. एक तर त्यांची घरघर, दुसरं म्हणजे वादकांचे कागद उडतात. कपड्यांचे चिमटे घेऊन जा, मी थट्टा करत नाहीये. ड्रमखाली सतरंजी टाकली की तो सरकत नाही आणि फरशीवरून येणारा घुमारा कमी होतो. कीबोर्ड भाड्याने आणलात तर 88 पट्ट्यांचा आणि पेडलसकट आणा. पेडल नेहमी दुकानातच राहतं. माइक दोन पुरेत: गाणाऱ्याला एक, निवेदकाला एक.

कार्यक्रम दोन भागांचा, चाळीस-चाळीस मिनिटं, मधे चहा. सुरुवात मध्यलयीतल्या ब्लूजने. पहिली फेरी वाजत असताना निवेदकाने हळू आवाजात "एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार" म्हणावं आणि दुसऱ्या फेरीला गप्प व्हावं. नंतर प्रत्येक रचनेआधी फक्त एक मिनिट: फेरी केवढी, आधी कोण वाजवणार, कान कुठे ठेवायचा. जॅझमधल्या बऱ्याच जुन्या गाण्यांची फेरी 32 बारची असते, आठ-आठचे चार तुकडे. पहिला तुकडा दोनदा, मग वेगळा एक, मग पुन्हा पहिला. अस्थायी दोनदा, अंतरा, अस्थायी, असं सांगितलंत की आमच्या काकांसारखे श्रोते लगेच सरसावून बसतात.

आणि टाळी! आधी ठरलेली चाल सगळे मिळून वाजवतात, मग एकेक जण त्याच फेऱ्यांवर आपलं म्हणणं मांडतो. प्रत्येकाचं मांडून झालं की टाळी, मधेच. आपण तानेला "वा" म्हणतो तसंच ते. मग दोघं चार-चार बार वाटून घेऊन भांडतात, आणि शेवटी चाल परत. एखाद्याने वाजवता वाजवता स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला तर समजा, मूळ चालीवर यायचा इशारा झाला. ही खूण आधी सांगून ठेवलीत की लोक ती शोधत बसतात, आणि दिसली की एकमेकांना कोपर मारतात.

पायरी सहावी: पैसे आणि कागद

उदाहरणादाखल हिशेब मांडते. साठ तिकिटं, प्रत्येकी 300 रुपये, म्हणजे 18,000. तीन वादकांना चार-चार हजार, हॉलचे तीन हजार, आवाजयंत्रणेचे चार हजार: 19,000. चहा धरलाच नाही. म्हणजे सगळी तिकिटं खपूनही खिशातून जाणार. तूट आणि चहाचा खर्च एखाद्या स्थानिक दुकानदाराकडे मागा, पण वादकांच्या पैशात कात्री नको. मानधनाचा आकडा आधी लिहून कळवा आणि पाकीट त्याच रात्री द्या. "प्रसिद्धी मिळेल" हे वाक्य वादकाला बोलूच नका.

हक्कांचं थोडक्यात. आपल्याकडे संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. नवख्यांनी त्यापलीकडच्या रचना घ्याव्यात. डब्ल्यू. सी. हँडी यांचं 'सेंट लुई ब्लूज' 1914 चं, हँडी 1958 मध्ये गेले, त्यामुळे ते मोकळं आहे. त्यात बारा बारच्या ब्लूजमधे एक टँगोच्या अंगाचा तुकडा येतो, शिकवायला सोनं. नव्या रचना तिकीट लावून वाजवायच्या असतील तर रचनाकारांच्या वतीने परवाने देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे चौकशी करा. शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनीच गायलं-वाजवलं तर कायद्यात सूट आहे. तिकिटाच्या कार्यक्रमाला कोणती परवानगी लागते ते हॉलच्या व्यवस्थापकाला आणि पोलीस ठाण्यात पंधरा दिवस आधी विचारा.

पायरी सातवी: दर महिन्याला

एक मैफल करून सोडू नका. त्याच हॉलमध्ये महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी सगळ्यांसाठी जॅम, म्हणजे एकत्र जमून आयत्या वेळी वाजवणं, ठेवा. नियम दोनच. नवख्याने ब्लूजवर दोन फेऱ्या वाजवून जागा सोडायची, आणि दुसरा वाजवत असताना आपलं वाद्य बारीक करायचं. तबला, बासरी, पेटी आली तर येऊ द्या. 1958 मध्ये अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आले तेव्हा सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवून गेले होते, तेव्हा ही पंगत जुनीच आहे. तबलजीला मात्र सांगा की इथे समेवर तिहाई घ्यायची तर फेरीचा शेवट मोजून घ्या, नाहीतर बेसवाला भलतीकडेच राहतो.

वर्षातून एक मोठा कार्यक्रम करायचा असेल तर 30 एप्रिल धरा. युनेस्कोने तो आंतरराष्ट्रीय जॅझ दिन ठरवला आहे, 2012 पासून जगभर साजरा होतो. आपल्याला आणखी एक फायदा: दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे लोक घड्याळ बघत नाहीत. हॉल मात्र जानेवारीतच पैसे भरून ठेवा. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, आणि वाङ्निश्चयापुढे जॅझचं काही चालत नाही.